गाऱ्हाणे संगणकावर उतरले ती सुगी

मार्गशीर्ष लागला की रामनगरच्या भोवतालची शेते रिती होऊ लागतात. कापलेल्या भाताच्या बुडख्यांतून एक ओलसर, गोडूस वास वर येतो आणि नुकत्याच सारवलेल्या खळ्यांच्या वासात मिसळून जातो. या दिवसांना आमच्याकडे सुगी म्हणतात. शब्द कानडीतून आला असे जाणकार सांगतात. असेल, पण तो आमच्या ओठांवर इतका रुळला आहे की त्याला आता कोणी पाहुणा म्हणत नाही. मला मात्र सुगी आली की भाताच्या वासाबरोबर आणखी एक वास येतो. तापलेल्या पत्र्याचा, तारांवर बसलेल्या धुळीचा, छपाईयंत्रातल्या शाईच्या फितीचा. तो शेतातला नाही. तो रत्नाक्कांच्या टंकलेखनाच्या वर्गातल्या संगणकाचा आहे, आणि ज्या सुगीत मी तो पोटभर घेतला तिला यंदा पाच वर्षे होतील.

यंदा तर त्या आठवणीला निमित्तच मिळाले आहे. वर्तमानपत्रांत रोज येते आहे की सन दोन हजार उजाडताच जगातले संगणक गोंधळून जातील, कारण त्यांना वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लक्षात ठेवायला शिकवले आहे. दोन शून्ये दिसली की आपण शंभर वर्षे मागे गेलो असे त्यांना वाटेल. हे वाचून मी मोठ्याने हसलो. घरातल्यांना कारण कळेना. मी रोज सकाळी संध्येला बसतो तेव्हा संकल्पात नुसती आजची तिथी सांगत नाही. कल्प सांगतो, मन्वंतर सांगतो, युग सांगतो, त्या युगाचे चरण सांगतो, मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष असे उतरत उतरत आजच्या वारापर्यंत येतो. पळीभर पाणी हातावरून सोडण्यासाठी एवढा काळाचा हिशोब. आणि ज्याने जगाचा कारभार चालवायचा त्या यंत्राला शतकसुद्धा सांगायचे नाही? दोष यंत्राचा नाही. त्याला ज्यांनी संकल्प शिकवला त्यांनी घाई केली. संगणकाविषयी मी आजवर जे काही मत बनवले आहे त्याचे सार हेच आहे. तो अत्यंत आज्ञाधारक शिष्य आहे. जे सांगाल ते आणि तेवढेच तो करील, आणि सांगणाऱ्याची चूकही तितक्याच निष्ठेने सांभाळून ठेवील.

मी भिक्षुक. लहानपणी गोकर्णास राहून संथा घेतली, काव्य आणि व्याकरण शिकलो, आणि परत येऊन वडिलांच्या जागी गावच्या देवाची पूजा हाती घेतली. ते गाव आता नाही. धरण झाले, पाणी चढत गेले, आणि आम्ही देव उचलून, माणसे, गुरे, कौले, दारांच्या चौकटी घेऊन इकडे रामनगराकडे आलो. देवाला नवे देऊळ मिळाले, माणसांना नवी घरे. मिळाले नाही ते गावाचे अंग. ते अंग एका पोथीत होते.

आमच्याकडे सुगी संपताना, शेवटच्या खळ्यावरची रास उचलण्यापूर्वी देवाला गाऱ्हाणे घालतात. पुजाऱ्याने पोथी उघडी ठेवून एकेक नाव घ्यायचे. वेशीवरचा राखणदार, वडाच्या मळीतला देवचार, दोन ओहोळांच्या तोंडाशी बसलेली शक्ती, देवराईतला निराकार, कोणत्या बांधावर कोणाची चौकी, कोणत्या खडकाशी कोणाचा नारळ. प्रत्येक नावानंतर जमलेल्या लोकांनी एका आवाजात म्हणायचे, व्हय म्हाराजा. आमच्या आजोबांच्या हातची ती पोथी, जाड खळीच्या कागदाची, चौसष्ट पाने. त्यात लिहिलेली प्रत्येक जागा आज पाण्याखाली आहे. तरीही गाऱ्हाणे तेच घातले जाते, कारण राखणदारांना आम्ही सोडून आलो असलो तरी त्यांनी आम्हांला सोडल्याचे कोणी सांगितलेले नाही. आणि एक नाव जरी गाळले, तरी त्या जागेची राखण आमच्या बाजूने सुटली असा समज आहे. समज म्हणतो खरा, पण मी स्वतः तो मानतो.

त्या वर्षी श्रावणात पोथी उघडली तेव्हा कागदाला वाळवीने बोगदे पाडलेले दिसले. माझ्या डोळ्यांतही मोतीबिंदू उतरू लागला होता. एका बाजूने पाने मोडत होती आणि दुसऱ्या बाजूने माझी नजर. कोणी आधी संपायचे एवढाच प्रश्न होता.

रत्नाक्का मूळच्या खानापूरकडच्या. बाजाररस्त्याला लागून पुढच्या खोलीत सहा टंकलेखन यंत्रे मांडून त्या मुलामुलींना शिकवीत. वयाने मला मुलीसारख्या, पण सगळे गाव अक्का म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्यांनी हुबळीच्या एका कचेरीने काढून टाकलेला संगणक आणवला होता. लोक येऊन पाहून जात. मीही गेलो, पोथीच्या नकलेसाठी एखादा चांगल्या अक्षराचा माणूस आहे का हे विचारायला, आणि तिथेच खिळलो.

काळ्या काचेवर हिरवी अक्षरे उमटत होती. देवनागरी. रत्नाक्कांनी माझे नाव लिहिले, मग एक कळ दाबली, आणि तेच नाव कानडी लिपीत उभे राहिले. पुन्हा दाबली, पुन्हा देवनागरी. मी त्यांना ते पाच-सात वेळा करायला लावले. आम्ही इथे घरात एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये कोकणीचा ओलावा. लिपी हे केवळ वस्त्र आहे हे मी पाठशाळेत ऐकले होते, पण ते वस्त्र डोळ्यांदेखत बदलताना प्रथमच पाहत होतो. माझ्या अंगावर काटा आला. रत्नाक्का हसून म्हणाल्या, "भटजी, किती डाव बदलाय लावतासा? त्याला बी कपडे बदलून बदलून थंडी वाजंल."

मग कळफलक पाहिला. डाव्या हाताखाली सगळे स्वर, उजव्या हाताखाली व्यंजने. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर, त आणि थ, द आणि ध. नुसती कळ दाबली तर अल्पप्राण. शेजारची उंचावणारी कळ धरून दाबली की महाप्राण. अक्षरांचे गोत्र ओळखून त्यांना घरे वाटून दिली होती. ज्याने कोणी हे रचले त्याला मी मनोमन नमस्कार केला. रत्नाक्कांना मात्र त्याचे कौतुक नव्हते. त्या जुन्या टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या. तिथली अक्षरांची जागा वेगळी, आणि ही नवी जागा बोटांत उतरवायला त्यांना सगळा आषाढ गेला होता.

ठरले. भाद्रपदात मी रोज दुपारी पोथी सोवळ्यात गुंडाळून तिथे नेऊ लागलो. मी वाचायचे, त्यांनी लिहायचे. सोवळ्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला. रत्नाक्का स्नान करून, कळफलक ओल्या फडक्याने पुसून बसत. यंत्राच्या पोटात पाणी शिंपडायचे नाही एवढी एकच अट त्यांनी मला घातली, आणि मी ती पाळली. पहिले नाव काचेवर उमटले तेव्हा मला वाटले, वेशीवरचा राखणदार पाण्यातून वर आला आहे.

त्या दिवसांतल्या किती गोष्टी सांगू? पुढच्या अक्षराच्या जागी उभा राहून लुकलुकणारा तो हिरवा ठिपका मला फार आवडे. समईची ज्योत वाऱ्यावर जशी मिटते आणि उघडते तसा. पण त्याला वारा लागत नाही, तो केवळ वाट पाहतो. माणूस बोलेपर्यंत इतक्या शांतपणे वाट पाहणारे दुसरे काही मी पाहिलेले नाही. यंत्र म्हणजे पत्रा आणि काच. त्याला चालवणारी जी आज्ञावली असते ती हाताला लागत नाही, दिसत नाही, वजनाला भरत नाही. ती काढून घेतली की यंत्र म्हणजे प्राणप्रतिष्ठा न झालेली मूर्ती. आमच्याकडे यंत्र आणि मंत्र हे दोन शब्द नेहमी जोडीने येतात, त्याचा अर्थ मला त्या बाकावर बसून कळला. आणि वीज! ती कुठून येते हे मी एकदा सहज विचारले. त्याच धरणाची. ज्या पाण्याने आमच्या बांधांवरून, खळ्यांवरून, देवळाच्या पायऱ्यांवरून आपले अंग पसरले, तेच पाणी खाली पडताना जो वेग घेते त्यातून ही हिरवी अक्षरे उजळत होती. गाव बुडवणारे पाणीच गावाची नावे लिहीत होते. त्या दुपारी मी पुढे वाचू शकलो नाही. रत्नाक्कांना वाटले, डोळे दुखत आहेत.

अर्थात ती वीज लहरी होती. धरणाच्या उशाला राहणाऱ्यांना ती सर्वांत शेवटी मिळे आणि सर्वांत आधी जाई. लिहिलेले साठवून ठेवण्याची आज्ञा देण्यापूर्वी दिवे गेले तर सगळे पुसले जाई, आणि रत्नाक्का कपाळाला हात लावून पुन्हा लिहू लागत.

साठवायचे ते एका पातळ, काळ्या, चौकोनी तबकडीत. तिला फ्लॉपी म्हणतात. आपट्याच्या पानापेक्षा जड नसेल. मधोमध भोक, आणि खाली एक लांबट उघडी खिडकी, जिच्यातून आतली तपकिरी चकती चमकते. चौसष्ट पाने तिच्यात मावली आणि तिचे वजन गुंजभरही वाढले नाही. याला मी चमत्कार म्हणणार नाही, कारण त्यामागे माणसाची तपश्चर्या आहे. पण हात आपोआप जोडले गेले.

रत्नाक्का म्हणाल्या, दोन तबकड्या करूया. ही वस्तू नाजूक, आणि या जुन्या यंत्राला स्वतःच्या पोटात काही ठेवता येत नाही. मी नको म्हटले. गाऱ्हाण्याची प्रत एका पिढीत एकच करायची, अशी आमच्या घराण्याची चाल आहे. दोन प्रती झाल्या की दोन घरे होतात, दोन घरे झाली की दोन मान, आणि मग देवापुढे भांडण. आजोबांनी एक लिहिली, तिच्या आधीची नदीत सोडली. मीही तसेच करणार होतो. निदान कागदावर छापून घ्या, असे त्या म्हणाल्या. पण छपाईयंत्राची शाईची फीत वाळून गेली होती आणि नवी बेळगावहून यायची होती. दसऱ्याचा मुहूर्त तिच्यासाठी थांबणार नव्हता. संगणकात आहे ते आहेच, असे मी ठणकावून सांगितले. नव्या शिष्याइतका आंधळा विश्वास कोणाचा नसतो, आणि त्या वेळी शिष्य यंत्र नव्हते, मी होतो.

खंडेनवमीला इकडे घरोघरी आयुधांची पूजा होते. कोयती, नांगराचा फाळ, शिवणयंत्र, सायकल, मोटार. ज्याने पोट भरते त्याला हळदकुंकू. रत्नाक्कांनी संगणकाला झेंडूची माळ घातली आणि पूजेला मला बोलावले. पाटावर पोथी, तिच्या शेजारी ती तबकडी. रत्नाक्का आत नैवेद्य वाढीत होत्या. मी पोथीला गंध लावले, अक्षता वाहिल्या. मग तबकडी. काळ्या अंगावर गंध दिसेना. ती खिडकी आणि तिच्यातली तपकिरी चकती मात्र चमकत होती, जणू मुखच. मी अनामिका भरून ओले गंध नेमके तिथे लावले, वर कुंकवात भिजवलेल्या अक्षता ठेवल्या, आणि डोळे मिटून प्रार्थना केली की आमचे गाव सांभाळ.

पूजेत मांडलेले दसऱ्यापर्यंत हलवायचे नाही. दसऱ्याच्या सकाळी फक्त पोथी उचलली, नावेतून आत गेलो, आणि जिथे खाली आमचे जुने देऊळ आहे असे नावाड्याने सांगितले तिथे ती पाण्यात सोडली. पाने लगेच बुडाली नाहीत. थोडा वेळ तरंगली, मग एकेक जड होत गेली.

दुपारी रत्नाक्कांनी तबकडी यंत्रात घातली. आतून घरघर आवाज आला, थांबला, पुन्हा आला. काचेवर पहिली अकरा नावे उमटली आणि त्यापुढे रिकामे. त्यांनी तबकडी बाहेर काढली, उजेडात धरली, खिडकीत वाळलेले गंध पाहिले, आणि माझ्याकडे पाहिले. कापसाने, स्पिरिटने, मऊ फडक्याने जे करता येईल ते त्यांनी संध्याकाळपर्यंत केले. अकरा नावांवर बारावे आले नाही.

कागद म्हातारा होतो तेव्हा सांगत सांगत होतो. पिवळा पडतो, कडा झडतात, भोके पडतात. माणसाला तयारीला वेळ देतो. ही तबकडी एका क्षणात मुकी होते आणि दिसायला जशीच्या तशी राहते. नव्या यंत्रांविषयी माझी एवढीच तक्रार आहे, आणि ती मी आजही कोणी विचारले तर सांगतो. ज्याची भक्ती करायची त्याची प्रकृती आधी जाणून घ्यावी. मी तिला मूर्ती समजलो. ती जिव्हा होती.

दुसऱ्या दिवशी देवळात गावकऱ्यांपुढे मी सगळे सांगितले, काहीही न लपवता. लाडू गावकर आमच्या गावचे पुढारी, माझ्याच वयाचे, जिभेने तिखट. त्यांनी एकदा पाण्याच्या दिशेने पाहिले. मग म्हणाले, "देवाला गंध लावलं तर देव पावतोय. तुमच्या त्या तव्याला लावलं तर त्यो मुकाच झाला व्हय?" माझ्या घराण्यात पाच पिढ्यांनी जे हातातून हातात दिले ते माझ्या हातात येऊन संपले होते, आणि सुगीच्या शेवटच्या खळ्यापर्यंत ते पुन्हा उभे राहिले नाही तर यापुढे गाऱ्हाणे अकरा नावांचेच होणार होते.

रत्नाक्का म्हणाल्या, तुम्ही तीस वर्षे म्हणत आलात, तोंडात असेलच. बसा, सांगा, मी लिहिते. या वेळी दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. मी त्या तशाच राहू दिल्या. घराण्याची चाल मोडते आहे हे मला ठाऊक होते, आणि ती मोडण्याचा अधिकार मीच गमावून मिळवला होता.

मी सुरुवात केली. बारावे आले, तेरावे आले, चौदाव्यावर जीभ थांबली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. वेद मला आजही झोपेतून उठवले तरी म्हणता येतात, आणि हे साधे, मराठी नावांचे गाऱ्हाणे येईना. तीन दुपारी अशा गेल्या. चौथ्या दुपारी लाडू गावकर बाजाराला आले होते ते दारात उभे राहून ऐकत होते. कमरेच्या आकडीत कोयती, हातात पिशवी. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "मधी व्हय म्हणाय कोन न्हाई. मग अडणारच की."

तेरावे नाव मी पुन्हा घेतले आणि ते एकटेच म्हणाले, व्हय म्हाराजा. चौदावे आले.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या दिवसांत मोजतो. कापणी चालू होती. माणसे सकाळी शेतात वाकत आणि जेवणानंतरच्या वेळात, वीज असली तर, रत्नाक्कांच्या खोलीत येत. कोणी बाकांवर, कोणी जमिनीवर, कोणी खिडकीबाहेर. अंगाला भाताचे कुसळ, केसांत तूस. टंकलेखनाची यंत्रे भिंतीला सरकवली होती. मी नाव घ्यायचे, रत्नाक्कांनी लिहायचे, हिरवे अक्षर उमटायचे, आणि सगळ्यांनी म्हणायचे. पाठ माझ्या एकट्याच्या डोक्यात नव्हताच. तो माझा आवाज आणि त्यांचा होकार यांच्या मधल्या जागेत होता, आणि आम्ही दोघे एकत्र आलो की तो तिथे आपोआप उभा राहत होता.

आणि भांडणे काय झाली! एका म्हाताऱ्या बाईने सांगितले की ओहोळापलीकडची शक्ती मी चुकीच्या बांधावर बसवली आहे. तिचे शेत तिथेच होते, तिला विचारल्याशिवाय मी कसे बसवले? एकाने म्हटले, पोथीत नव्हते पण आमच्या गोठ्यामागे एक राखणदार होता, त्याला आम्ही दरवर्षी गुपचूप कोंबडे देत होतो. लाडू गावकरांनी त्याला विचारले की इतकी वर्षे आम्हांला न सांगता एकटेच खाल्ले काय. तो राखणदारही लिहिला गेला. संगणकाची ही विद्या मला सगळ्यांत विलक्षण वाटते. लिहून झालेल्या दोन नावांच्या मध्ये नवे नाव घातले की मागची सगळी नावे आपण होऊन सरकतात आणि वाट देतात. कागदावर असे करू गेलो असतो तर सगळी पाने पुन्हा लिहावी लागली असती. एखाद्या पंक्तीत उशिरा आलेल्याला सगळ्यांनी थोडे थोडे सरकून जागा द्यावी तसे ते दिसे, आणि दर वेळी माझ्याबरोबर सगळी खोली टक लावून पाही. म्हातारी बाई तर केवळ ते सरकणे पाहायला म्हणून येई.

दर दुपारी जाताना रत्नाक्का दोन्ही तबकड्यांवर उतरवून घेत. बेळगावहून फीतही आली होती. सगळे पूर्ण झाले की छापायचे, असे ठरले.

एक जागा मात्र राहिली. दोन ओहोळांच्या तोंडानंतर आणि देवराईच्या वेशीआधी एक नाव होते, एवढे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणताना तिथे एक श्वास पडतो, तो मलाही आठवत होता. पण नाव कोणालाच येईना. ती जागा ज्या घराची, ते घर पाणी चढण्याआधीच गोव्याकडे पोटासाठी गेले होते आणि त्यातले कोणी परत आले नव्हते. आम्ही सगळी नावे पुढे नेली, शेवटपर्यंत आलो, पुन्हा मागे आलो. दर वेळी तिथे होकार देणारे घसे तयार होत आणि मी गप्प. दुसऱ्या दिवशी शेवटचे खळे होते. रास उचलायची होती. एक नाव गाळून रास उचलायची, की नाव नाही म्हणून रास तशीच ठेवायची, यावर माणसांचे दोन तट पडू लागले होते, आणि त्या दोन्ही तटांना दोष द्यायला माणूस एकच होता.

त्या शेवटच्या दुपारी खोली भरलेली होती. रत्नाक्का कळफलकावर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी मान न वळवता मला सांगितले की दहा नावे मागे जा आणि सलग म्हणत या. त्या नावाशी आलात तरी थांबू नका, श्वास तेवढा घ्या. मी विचारले, का? त्या म्हणाल्या, "ते पान भादव्यात मी तीन डाव लिव्हलंय. तिन्ही डाव त्याच पानावर लाइट गेली. मला काय बी आठवंना, खरं बोटास्नी इचारून बघूया."

मला ते तत्क्षणी पटले. संथा देताना गुरुजी सांगत की पाठ डोक्यात शोधू नका, जिभेवर सोडा. जिभेची जर स्मृती असते तर बोटांची का नसावी? मी डोळे मिटले आणि सुरू केले. होकार येत गेले. कळांचा टकटक आवाज माझ्या आवाजाच्या मागून, ठरावीक अंतराने, पावलांसारखा येत होता. वडाची मळी. व्हय म्हाराजा. पांढरीचा माळ. व्हय म्हाराजा. दोन ओहोळांचे तोंड. व्हय म्हाराजा. मग मी श्वास घेतला आणि थांबलो.

कळांचा आवाज थांबला नाही. तो माझ्याशिवाय तसाच, त्याच वेगाने, काही पावले पुढे गेला, आणि मग थांबला.

मी डोळे उघडले. रत्नाक्कांचे डोळे मिटलेले होते, हात कळफलकावरून उचललेले. त्यांनी स्वतः काचेकडे पाहिले नव्हते. मी उठलो, काचेच्या इतका जवळ गेलो की तिची ऊब कपाळाला लागली, आणि माझ्या धूसर नजरेने एकेक अक्षर लावत गेलो. गाऱ्हाणे म्हणून नव्हे, केवळ वाचता येते का ते पाहण्यासाठी, हळूच म्हटले, "निजल्या खडकाचा राखणदार."

मागून सगळी खोली म्हणाली, व्हय म्हाराजा.

मी वळून पाहिले. माझ्याकडे कोणी पाहत नव्हते. लाडू गावकरांसह सगळे काचेकडे पाहत होते, आणि सगळ्यांचे हात जोडलेले होते. रत्नाक्कांनी डोळे उघडले, घाईने साठवण्याची आज्ञा दिली, दोन्ही तबकड्यांवर, आणि मगच पदराने तोंड पुसले. काचेवर त्या नावाच्या पुढच्या जागेवर हिरवा ठिपका लुकलुकत उभा होता. मी पुढचे नाव घेतले.